आज मूल कोण?

जूनच्या पहिल्याच मीटिंगमध्ये छाया मॅडमनी सांगून टाकलं की, बालशिक्षणाचा डिप्लोमा ज्या टीचरकडे नसेल, ती जानेवारीपासून मावशी. मावशी हे आमच्या शाळेत नातं नाही, हुद्दा आहे. मावशीला मरून रंगाचा एप्रन असतो. तिने मुलांना बाथरूमला न्यायचं, सांडलेलं पुसायचं, नाकं पुसायची आणि टीचर शिकवत असताना दाराशी उभं राहायचं.

आमची शाळा म्हणजे पाथर्डी फाट्याजवळचं एक रो-हाउस. नाव गोडुली प्री-स्कूल. बाहेरच्या भिंतीवर जिराफ काढलाय. पेंटरने माप न घेतल्यामुळे त्याची मान गॅलरीच्या खाली संपते आणि डोकं गॅलरीच्या वर सुरू होतं. मी तिथे नऊ वर्षं नर्सरी सांभाळत होते. नर्सरीतली मुलं तीन-साडेतीन वर्षांची. आईशिवाय जग असतं हे त्यांना मान्य नसतं, आणि ते हळूहळू मान्य करायला लावणं एवढंच खरं म्हणजे नर्सरीच्या टीचरचं काम. बाकी रंग, आकार, कविता हे सगळं पालकांना दाखवण्यापुरतं.

घरी मी मखमलाबादच्या शेवंतीच्या मळ्यातली सून. सकाळी फुलं तोडायची, क्रेट भरायचे, सासूबाईंचं ऐकायचं. पण फाट्यावर रिक्षातून उतरले की मी सुवर्णा टीचर. भाजी बाजारात एखादी पोरगी लांबून "टीचर" म्हणून हाक मारायची, तिची आई ओळखीचं हसायची आणि भाजीवाला न मागता कोथिंबिरीच्या दोन काड्या जास्त टाकायचा. माझं वैभव म्हणाल तर एवढंच. तेच जानेवारीत जाणार होतं.

"या की खाली," आमच्या भागीबाई मावशी हसत म्हणाल्या. "एप्रन दोन हायेत, टीचर. एक धुऊन ठेवते."

त्या मजेत म्हणाल्या होत्या. मला मात्र त्या रात्री जेवण गेलं नाही. भागीबाईंच्या कामाला मी कधी हलकं म्हटलं नाही, पण ते काम मला नको होतं, आणि हे दोन्ही खरं आहे.

डिप्लोमा कुठे करायचा हा प्रश्नच नव्हता. त्याच आठवड्यात वरच्या मजल्यावर 'गोडुली टीचर्स अ‍ॅकॅडमी' असा बोर्ड लागला. शिकवणार छाया मॅडम स्वतः. "नवीन धोरण आलंय," त्या सांगायच्या. धोरण आमच्यापैकी कोणी वाचलं नव्हतं, आणि मॅडमनी वाचलं असावं असंही कधी वाटलं नाही. पण गॅसवाला सिलेंडर घेऊन दारात उभा असावा अशा घाईने त्या म्हणायच्या, धोरण आलंय, चला.

वर्ग दुपारी एकला सुरू व्हायचा. मुलांची व्हॅन साडेबारालाच निघून गेलेली असायची. पहिल्या दिवशी मॅडमनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, बालकेंद्री शिक्षण. इमारतीत एकही बालक नव्हतं. आम्ही बाराजणी, निम्म्या शाळेतल्या आणि निम्म्या बाहेरून आलेल्या, मुलांच्याच लाल-पिवळ्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसलो होतो. लहान मुलाला एका जागी फार वेळ बसवून ठेवू नये, हा धडा मॅडमनी त्या दिवशी तीन तास शिकवला. उठताना दोघींना हात देऊन उभं करावं लागलं.

थिअरी मी पाठ करून टाकली. खरी पंचाईत सराव पाठांची होती. पाठ घ्यायचा तर समोर मुलं हवीत, आणि मुलं तर व्हॅनमधून घरी. मग मॅडमनी तोडगा काढला. एकीने टीचर व्हायचं आणि पाचजणींनी मुलं व्हायचं. रोज एक वाजला की मॅडम डबा बंद करता करता विचारायच्या, "आज मूल कोण?"

पहिला पाठ तेजलचा होता. तेजल आमच्याच शाळेतली टीचर, मूळची येवल्याची, चोवीस वर्षांची, वडिलांचं पैठणीचं दुकान, हुशार आणि चटपटीत. तिने नारंगी रंग घेतला होता. थर्माकोलचं गाजर, थर्माकोलचं संत्रं, नारंगी ओढणी, सगळी तयारी. मी मूल होते. आता मूल व्हायचं म्हणजे कसं व्हायचं हे मला वेगळं शिकायला नको होतं. माझ्या वर्गात सनी होता. त्याचे वडील पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाउसवर टेम्पो चालवतात, म्हणून सनीसुद्धा टेम्पोच होता. तो वर्गात सरळ चालायचाच नाही. उलटा चालायचा, तोंडाने रिव्हर्सचा हॉर्न वाजवत, आणि कशाला तरी आदळेपर्यंत थांबायचा नाही.

म्हणून तेजलने गाजर वर धरून "हा कोणता रंग?" असं विचारल्यावर मी उठले, हॉर्न वाजवत उलटी निघाले आणि फळ्याच्या स्टँडला जाऊन आदळले. मग मला रडू आलं. मग मी विचारलं, माझी मम्मी कधी येणार. सगळ्या हसत होत्या. तेजलचा चेहरा मात्र गाजराहून लाल झाला होता. तिचा पाठ प्रस्तावनेच्या पुढे गेलाच नाही.

"सुवर्णा, हे काय होतं?" मॅडमनी विचारलं.

"मूल होतं, मॅडम."

"असं मूल आपल्या सिलॅबसमध्ये नाही," मॅडम म्हणाल्या. "पाठाला मार्क आहेत. मुलाला नाहीत. तुम्ही तिचे मार्क घालवताय."

पुढच्या आठवड्यात माझा पाठ आला. मी मोठं आणि लहान घेतलं होतं. एक टरबूज, एक लिंबू, दोन्ही खरी, मळ्यावरून आणलेली. तेजल समोर मूल होऊन बसली होती आणि तिने काहीसुद्धा केलं नाही. माझ्याकडे बघत गप्प राहिली, एवढंच. मी विचारलं, यातलं मोठं कोणतं. ती बोलेना. नर्सरीत असंच असतं. विचारायचं आणि थांबायचं. मूल आधी टरबुजाकडे बघतं, मग खिडकीकडे, मग स्वतःच्या चपलेकडे, आणि मग कधीतरी उत्तर येतं. मी सवयीने थांबले. घंटी वाजली तेव्हा माझं पाठाच्या शेवटी करायचं मूल्यमापन राहून गेलं होतं.

मॅडमनी शेरा दिला की टीचरला वेळेचं भान नाही. "उत्तरासाठी इतकं थांबायचं नसतं, सुवर्णा. उत्तर आलं नाही तर आपण सांगायचं आणि पुढे जायचं. नऊ वर्षं काय केलंत तुम्ही?"

मी काय केलं होतं ते मला सांगता येईना. थांबले होते, असं कसं सांगणार.

घरी जाताना रिक्षात तेजल माझ्या शेजारी बसली होती. "ताई," ती म्हणाली, "तुम्ही माझ्या पाठाला शहाण्यासारखं वागा, मी तुमच्या पाठाला वागते. नाहीतर दोघी एप्रन घालू." ती वाईट मुलगी नाही. हिशोब तिला कळतो आणि मला उशिरा कळतो, एवढाच फरक.

मग सौदा झाला. आधी आमच्या दोघींचा, आणि महिन्याभरात सगळ्या बॅचचा. तू माझं शहाणं मूल, मी तुझं शहाणं मूल. आम्ही हात बांधून बसायला लागलो. प्रश्न यायच्या आधी उत्तर घशात तयार असायचं. गाजर पिशवीतून अर्धं बाहेर आलं की आम्ही एका सुरात "नारंगीऽऽ" म्हणायचो. कोणाला शी लागत नव्हती, कोणाची मम्मी आठवत नव्हती, कोणी कोणाला चावत नव्हतं. पाठ घड्याळासारखे व्हायला लागले आणि मॅडम खूश झाल्या. "बघा," त्या म्हणायच्या, "बालकेंद्री पद्धत अशी असते."

आणि या सगळ्यांत मी सगळ्यात चांगली निघाले. मला स्वतःला आश्चर्य वाटलं. मान किती तिरकी करायची, डोळे किती मोठे करायचे, "यस टीचर" म्हणताना आवाज कुठून काढायचा, हे मला आपोआप जमायला लागलं. टीचर अडखळली तर मी नेमका असा प्रश्न विचारायची की तिला पुढचं आठवेल. बाहेरच्या बायका माझ्यासाठी भांडायच्या. कोणी माझ्यासाठी चिवडा आणायची, कोणी लोणचं, की उद्या माझ्या पाठाला मूल हो. एक्केचाळीसाव्या वर्षी मला पहिल्यांदा कोणीतरी गुड गर्ल म्हणालं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

सकाळी मात्र खाली तोच सनी, तेच रडणं, तेच सू-सू. त्याला मी कधी शहाणं करायला गेले नाही. सकाळी टीचर आणि दुपारी मूल, असं माझं चाललं होतं, आणि दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

डिसेंबरात परीक्षा झाली. बाहेरून एक परीक्षक बाई आल्या. शाल, चष्मा, हातात स्टीलची पाण्याची बाटली. वर्गात शिरल्या शिरल्या त्यांनी विचारलं, "मुलं कुठायत?"

छाया मॅडम हसून म्हणाल्या, "आज शनिवार ना मॅडम, मुलांना सुट्टी असते. आमच्या टीचर्सच मुलं होतात."

परीक्षक बाईंनी खुर्चीत अंग सोडलं. "बरं झालं," त्या म्हणाल्या. "मुलं असली की पाठ वेळेत होत नाहीत."

त्या दिवशी मी अकरा पाठांना मूल झाले. अकराही पाठ घंटीच्या आत संपले. बाराव्या पाठाला मी टीचर होते. टरबूज आणि लिंबू आता थर्माकोलची केली होती, मोठं कोणतं हे मीच सांगितलं आणि मीच टाळी वाजवली. तेजल कबूल केल्याप्रमाणे "यस टीचर" म्हणाली. जेवायला बसल्यावर परीक्षक बाई श्रीखंडाची वाटी चाटत छाया मॅडमना म्हणाल्या, "पाठ सगळे ठीक आहेत. पण ते हिरव्या साडीतलं मूल फार गुणी आहे हो."

हिरव्या साडीत मी होते.

आम्ही सगळ्या पास झालो. संतोषने, माझ्या नवऱ्याने, मळ्यातल्या गड्यांना पेढे वाटले. सर्टिफिकेटला सोनेरी कडा होती. मी भागीबाईंना पेढा द्यायला गेले तर त्या म्हणाल्या, "सुटल्या बाई तुम्ही." मी सुटले होते. त्या आनंदात मी चार दिवस तरंगत होते, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

जानेवारीच्या पहिल्या सोमवारी मॅडमनी वर बोलावलं.

"सुवर्णा, बस. परीक्षक मॅडमनी आपलं नाव सगळीकडे केलंय. नवीन बॅच दुप्पट आहे. सकाळची वेगळी, दुपारची वेगळी. आता एवढ्या पाठांना रोज मुलं कुठून आणायची? नवीन बायकांना मूल होताच येत नाही. हसतात, मोबाइल बघतात."

"खरंय," मी म्हणाले.

"म्हणून तुला वर घेतेय. पूर्ण वेळ. डेमो रिसोर्स पर्सन. तसं कार्डही छापू. तुझ्याइतकं चांगलं मूल मला दुसरं मिळायचं नाही."

मला समजायला थोडा वेळ लागला. "आणि माझी नर्सरी?"

"तेजलकडे देतेय. तिचा पाठ बघितलास ना, किती वेळेत."

"मॅडम, मी डिप्लोमा नर्सरीसाठी केला."

"मग त्याचाच उपयोग होतोय ना?" मॅडमना खरंच कळत नव्हतं की माझी अडचण काय आहे. "वर्ग सगळे वाटून झालेत, सुवर्णा. खाली आता फक्त मावशीची जागा आहे. वरची पोस्ट नको असेल तर तसं सांग, माझी जबरदस्ती नाही."

त्यांचा आवाज गोड होता. मी मनातल्या मनात तो मरून एप्रन अंगावर घालून पाहिला. बाजारात लांबून येणारी हाक ऐकून पाहिली, सुवर्णा मावशी. मग म्हणाले, चालेल. मूल झाले तरी मावशी तर झाले नाही ना, अशी मी स्वतःची समजूत घातली.

घरी सासूबाई, कुसाबाई, शेवंतीच्या जुड्या बांधत होत्या. मी प्रमोशनचं सांगितलं. डेमो रिसोर्स पर्सन त्यांना कळेना, म्हणून संतोषने सोपं करून सांगितलं.

"म्हंजी ही पोर व्हनार?" त्यांनी विचारलं.

"शिकायला आलेल्या बायकांसाठी, आई. नोकरी आहे ती."

"मंग ठीक हाय," सासूबाई म्हणाल्या आणि पुढची जुडी घेतली. थोड्या वेळाने स्वतःशीच बोलल्या, "लोकाची पोरं शिकून मोठी व्हतात. आमची सून शिकून पोर झाली." हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर मी भांडले तरी असते.

वर बरं चाललं होतं. काम सोपं होतं. सकाळ-दुपार हात बांधून बसायचं, रंग ओळखायचे, कवितेला ताल धरायचा. मॅडम अधूनमधून मोबाइलवर पाठांचे व्हिडिओ घ्यायच्या. ज्यांच्यासमोर मी मूल व्हायची त्या वीस-बावीस वर्षांच्या पोरी मला "बाळा" म्हणायच्या. सुरुवातीला खालून नर्सरीचा आवाज वर यायचा. रडणं, आदळआपट, सनीचा हॉर्न. माझं निम्मं लक्ष तिकडेच असायचं. पहिल्या आठवड्यात दोनदा मी जिन्यापर्यंत गेले आणि मॅडमनी परत बोलावलं, पाठ चालू असताना मुलाने उठायचं नसतं म्हणून. मग हळूहळू खालचा आवाज कमी होत गेला. फेब्रुवारीत तर बंदच झाला. मी म्हटलं, तेजलला जमलं म्हणायचं. मत्सर वाटला, थोडा अभिमानही वाटला.

एका सकाळी वर खुर्च्या कमी पडल्या आणि मॅडमनी मला खालून दोन आणायला पाठवलं. नर्सरीचं दार उघडं होतं. भागीबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्या बाजूला झाल्या.

सगळी मुलं सतरंजीवर ओळीत बसली होती. हात बांधलेले, मान जराशी तिरकी, डोळे मोठे. तेजलने पिशवीतून काहीतरी अर्धं बाहेर काढलं आणि मुलं एका सुरात म्हणाली, "नारंगीऽऽ." तो सूर माझा होता. मी वर रोज लावते तोच, शेवटी जरा लांबवलेला.

"या ना ताई," तेजल खरंच आनंदून म्हणाली. "बघा किती सुधारलेत. मॅडमनी तुमच्या पाठाचे व्हिडिओ दिलेत मला. रोज सकाळी टीव्हीवर लावते आधी. सांगते, बघा सुवर्णा कशी बसलीये, बघा सुवर्णा कशी बोलते. पालक तर इतके खूश आहेत. सनीची मम्मी म्हणाली, घरीसुद्धा असाच बसतो, ओळखू येत नाही."

सनी ओळीच्या टोकाला होता. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले आणि त्याच्या कपाळाला हात लावला. नर्सरीत एवढं गप्प मूल दिसलं की आम्ही आधी ताप बघतो. कपाळ गार होतं.

"सनी, मला ओळखलंस?"

त्याने आधी हात वर केला. तेजलने मान हलवल्यावर बोलला. "सुवर्णा."

"सुवर्णा टीचर," मी म्हणाले.

त्याने नाही म्हणून मान हलवली आणि तेजलकडे बोट दाखवलं. "टीचर ती आहे. तू सुवर्णा. टीव्हीतली."

बाकीची मुलं माझ्याकडे बघत होती. त्यांच्या बघण्यात ओळख होती, पण जुनी नव्हती. भागीबाईंनी दारातून तोंड फिरवलं. मला ओरडायचं होतं, की मी तुझी चड्डी बदललीये, तुझी मम्मी येईपर्यंत तुला कडेवर घेऊन गेटपाशी उभी राहिलेय, मी टीचर आहे. पण वर्गात ओरडायचं नसतं.

सनी माझ्याकडे बघत राहिला. मग आवाज अगदी बारीक करून म्हणाला, "टीचर ओरडेल. बस ना खाली."

आणि तो सरकला, त्याने मला सतरंजीवर जागा करून दिली. मी बसले. माझे हात आपोआप बांधले गेले होते.